गिटार घडवणारे हात : प्रस्तावना

१८६२ साली स्पेनमधल्या आन्तोनियो दे तोरेस या कारागिराने एक गिटार बांधली. तिची वरची फळी नेहमीसारखी स्प्रूसची, पातळ, आतून काड्यांनी पेललेली होती. पाठ आणि दोन्ही बाजू मात्र पुठ्ठ्याच्या होत्या. गिटारचा आवाज कुठून येतो, हे त्याला दाखवून द्यायचे होते. महागडे लाकूड पाठीला लावले म्हणजे वाद्य गोड होते, ही समजूत तेव्हाही होती आणि आजही दुकानात ऐकू येते. तोरेसचे म्हणणे असे की खरे काम वरची फळी करते. ती किती जाड, कुठे पातळ, तिला आतून आधार कसा, यावर बहुतेक सगळे ठरते. ते पुठ्ठ्याचे वाद्य वाजले आणि चांगले वाजले. आज ते बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. वाजवण्याजोगे उरलेले नाही, पण तोरेसचा मुद्दा अजून कोणी खोडलेला नाही.

या पुस्तकाचा विषय हाच आहे : गिटार वाजते कशी यापेक्षा ती घडली कशी. मराठीत गिटार हाती घेणाऱ्याला कॉर्ड शिकवणारी पुस्तके मिळतात, गाण्यांच्या वह्या मिळतात, मोबाइलवर शिकवणाऱ्यांची तर रीघ आहे. पण या वाद्याला कंबर का असते, मधले भोक गोलच का, तारा सहाच का, फ्रेट पुढे पुढे जवळ का येत जातात, असले साधे प्रश्न विचारणाऱ्याला आपल्या भाषेत फारसे काही हाती लागत नाही. वाद्य विकत घेणाऱ्यांची संख्या वाढत असताना ही उणीव चांगलीच जाणवते.

मूळ शोधायला निघालेला माणूस फार मागे जाऊ शकतो. तुर्कस्तानात अलाजा हेयुक येथे सापडलेल्या, सव्वातीन हजार वर्षांहून जुन्या हित्ती शिल्पात कंबर असलेले, लांब मानेचे एक वाद्य कोरलेले आहे. ते पाहून अनेकांनी हीच गिटारची आजी असे जाहीर करून टाकले. त्या शिल्पापासून आजच्या गिटारपर्यंत सलग दुवे मात्र कोणी दाखवलेले नाहीत. त्यामुळे वंशावळीच्या मागे फार न लागता, जिथून कागदोपत्री पुरावा मिळतो तिथून, म्हणजे सोळाव्या शतकातल्या स्पेनपासून सुरुवात करणे बरे. १५४६ साली आलोन्सो मुदार्रा याच्या छापील संग्रहात चार जोडतारांच्या गिटारसाठी लिहिलेल्या रचना आढळतात. हे वाद्य आजच्या मानाने अगदी लहानखुरे होते. पुढच्या शतकात जोड्या पाच झाल्या. व्हायोलिनसाठी जगभर नावाजलेल्या स्त्रादिवारीनेही अशा गिटार बांधल्या. त्याची १६७९ सालची एक गिटार अजून वाजती आहे.

त्या काळच्या गिटारकडे पाहताना मराठी वाचकाला एक गोष्ट ओळखीची वाटेल. तिचे फ्रेट धातूचे, ठोकून बसवलेले नव्हते. आतड्याच्या तारेचे वळसे मानेभोवती बांधून ते तयार करत, आणि हवे तसे सरकवत. आपल्या सतारीचे पडदे आजही दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात आणि राग बदलला की वादक ते किंचित वरखाली करतो. म्हणजे एके काळी दोन्ही वाद्ये या बाबतीत एकाच वाटेवर होती. पुढे गिटारने फ्रेट कायमचे रोवून घेतले आणि वाट वेगळी झाली. त्या रोवण्यामागचे गणितही जुने आहे. खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचा बाप विन्चेन्झो गॅलिलेई हा ल्यूटवादक. त्याने १५८१ साली नियम सांगितला की तारेच्या उरलेल्या लांबीचा अठरावा भाग मोजावा आणि तिथे पुढचा पडदा टाकावा. आज कारागीर अठराऐवजी १७.८१७ हा भाजक घेतात. ६५० मिलिमीटर तार धरली तर पहिला फ्रेट साधारण ३६.५ मिलिमीटरवर येतो, दुसरा त्यापुढे ३४.४ मिलिमीटरवर, आणि बारावा बरोबर अर्ध्यावर, ३२५ वर. फ्रेट पुढे पुढे जवळ का येतात, याचे उत्तर एवढेच : प्रत्येक वेळी उरलेली तार आखूड झालेली असते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जोडतारा गेल्या आणि सहा एकेरी तारा आल्या. त्यानंतरचा दीडशे वर्षांचा इतिहास एका गरजेभोवती फिरतो. गिटारचा आवाज लहान होता. दिवाणखान्यातून ती सभागृहात आली, तिथून नाचाच्या बँडमध्ये, तिथून मैदानात. आणि प्रत्येक ठिकाणी ती ऐकू जात नाही अशी तक्रार उभी राहिली. आकार मोठा केला, फळी पातळ केली, तार बदलली, धातूचे कर्णे बसवले, शेवटी वीज आणली. घडणीतला जवळजवळ प्रत्येक मोठा बदल या तक्रारीला दिलेले उत्तर आहे.

ही उत्तरे कोणी दिली, हा या पुस्तकाचा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न. तोरेस लहानपणी सुतारकाम शिकला होता. त्याने वाद्याचा पोटभाग मोठा केला, तारेची लांबी ६५० मिलिमीटरच्या आसपास आणली आणि फळीच्या आत पंख्यासारख्या पसरणाऱ्या सात काड्यांची रचना पक्की केली. आज जगात शास्त्रीय गिटार बांधल्या जातात त्या बहुतेक याच आराखड्यावर. एवढे करूनही गिटारच्या धंद्यात त्याचे भागले नाही. १८७० च्या सुमारास तो सेव्हिल सोडून आल्मेरियाला परतला आणि चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालवू लागला. काही वर्षांनी त्याने पुन्हा गिटार बांधायला घेतल्या. तारेगासारख्या वादकाच्या हातात त्याचे वाद्य होते म्हणून त्याची रीत टिकली. वादक सेगोव्हियाने पुढे त्याच आराखड्याची गिटार मोठमोठ्या सभागृहांत नेली. सेगोव्हियाच्या काळात आतड्याच्या तारांची जागा नायलॉनने घेतली. दुसऱ्या महायुद्धात आतड्याचा तुटवडा पडला, तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने हा बदल घडवून आणला.

ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिनची गोष्ट तर कारागिरांच्या भांडणातून सुरू होते. जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन या गावात तो सुताराच्या घरात जन्मला. तिथे व्हायोलिन बांधणाऱ्यांचा संघ म्हणे, वाद्ये आम्हीच करणार, फर्निचरवाल्यांनी गिटारला हात लावू नये. हा वाद वर्षानुवर्षे चालला. १८३३ मध्ये मार्टिन अमेरिकेला गेला आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हानियातल्या नाझरेथला स्थायिक झाला. १८४० च्या दशकात त्याच्या कारखान्यातल्या गिटारच्या फळीखाली फुलीच्या आकाराचे आधार दिसू लागले. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या आणि एवढ्या मजबुतीची फारशी गरज नव्हती. विसाव्या शतकात पोलादी तारा आल्या. नायलॉनच्या सहा तारा मिळून फळीवर साधारण चाळीस किलोचा ताण देतात. पोलादी तारांचा ताण सत्तर किलोच्या पुढे जातो. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या फळीवर हे ओझे पेलायला तीच जुनी फुली कामी आली. आज आपल्याकडे पोरे गळ्यात अडकवून फिरतात त्या बहुतेक सगळ्या अकूस्टिक गिटारच्या पोटात मार्टिनची फुली असते.

पुढची नावेही अशीच. ऑर्व्हिल गिब्सन बुटांच्या दुकानात कारकुनी करत असे. व्हायोलिनसारखी कोरून फुगवलेली फळी गिटार-मँडोलिनला लावण्याची कल्पना त्याची, आणि त्याच्या नावाची कंपनी १९०२ मध्ये निघाली. लिओ फेंडर कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करायचा आणि त्याला गिटार वाजवता येत नसे. पोकळ पोट असलेली गिटार मोठ्या आवाजात किंचाळते, म्हणून त्याने पोटच काढून टाकले. भरीव लाकडाची फळी, चार स्क्रूंनी बसवलेली मान, बिघडले तर बदलता येणारे सुटे भाग. १९५०-५१ मधली टेलिकास्टर आणि १९५४ मधली स्ट्रॅटोकास्टर ही रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या विचारातून निघालेली वाद्ये आहेत. संगीताच्या इतिहासात वादकांना आणि रचनाकारांना मानाचे पान मिळते. गिटारचा आकार मात्र सुतार, कारकून आणि रेडिओवाल्यांनी ठरवला, आणि त्यांचे श्रेय त्यांना मिळायलाच हवे.

विजेवर चालणारी पहिली यशस्वी गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती, हे पुष्कळांना माहीत नसते. हवाई बेटांवर जोसेफ केकुकूने तारांवर पोलादी पट्टी सरकवण्याची पद्धत रूढ केली. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिका त्या आवाजाच्या प्रेमातच पडली. तो मोठा करण्यासाठी आधी १९२७ मध्ये पोटात अॅल्युमिनियमचे कर्णे बसवलेली नॅशनल गिटार आली आणि १९३२ मध्ये रिकनबॅकरची तव्याच्या आकाराची इलेक्ट्रिक गिटार.

हवाई गिटारचा हा फाटा आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचा, कारण हिंदुस्थानात गिटार रुजली ती मोठ्या प्रमाणात याच रूपात. टाऊ मो हा हवाईयन वादक १९४० च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहिला आणि तिथे या वाद्याचे वेड पसरले. मुंबईत व्हॅन शिप्लेने आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार आपल्या गरजेप्रमाणे तयार करवून चित्रपटसंगीतात वाजवली. ब्रिजभूषण काब्रा यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्या तालमीत गिटारवर राग मांडले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत त्यांची गिटार घराघरांत पोहोचली. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी ठेक्यासाठी छेडायच्या चिकारीच्या आणि आपोआप झंकारणाऱ्या तरफेच्या तारा चढवून मोहनवीणा सिद्ध केली आणि १९९४ मध्ये तिच्यासह ग्रॅमी मिळवले.

आपल्या वादकांनी पट्टीच का उचलली, याचे उत्तर घडणीतच आहे. रोवलेला फ्रेट मींड अडवतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे तर मधल्या धातूच्या पट्ट्या आड येतात. पट्टी तारेवरून सरकवली की फ्रेटचा संबंधच उरत नाही. याच अडचणीवर दुसरा तोडगाही निघाला. १९७० च्या दशकात ‘शक्ती’ या वाद्यवृंदात मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्यासोबत वाजवणाऱ्या जॉन मॅकलाफ्लिनने अशी गिटार करवून घेतली की फ्रेटच्या मधले लाकूड खोलगट कोरलेले होते, आणि मुख्य तारांखालून तरफेच्या तारा तिरप्या गेल्या होत्या. खोलगट जागेमुळे बोट तार खोलवर खेचू शकते, सतारीवर खेचतात तशी. शतकांपूर्वी वेगळी झालेली वाट इथे पुन्हा सतारीकडे वळली.

महाराष्ट्रात आणि गोव्यात गिटार आली त्या वाटा अनेक होत्या. गोव्यात पोर्तुगीज सत्तेबरोबर युरोपीय संगीत चर्चच्या शाळांतून शिकवले गेले. फादो या पोर्तुगीज गायनप्रकाराबरोबर नासपतीच्या आकाराची, सहा जोड्यांत बारा तारा असलेली पोर्तुगीज गिटारही तिथे आली. सोनिया शिरसाट यांच्यासारख्या गायिकेमुळे फादो आजच्या गोव्यात पुन्हा ऐकू येतो. मुंबईत १८६५ पासून चालत आलेले फुर्टाडोज हे दुकान वादकांच्या पिढ्यांना माहीत आहे. इगतपुरी, भुसावळ यांसारख्या रेल्वे वसाहतींत अँग्लो-इंडियन कुटुंबे होती, रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाचगाणे होई. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याचे वादक आणि संयोजक तर कणा होते. १९७३ च्या ‘चुरा लिया है’मध्ये भूपिंदर सिंग यांनी छेडलेली बारा तारांची गिटार ऐकून ती शिकायला निघालेले लोक आजही भेटतात.

हे सारे वाजवण्याविषयी झाले. घडणीचा विषय आला की महाराष्ट्राने पाहायचे ते मिरजेकडे. पटवर्धनांच्या संस्थानात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये दुरुस्त करायला आणि मग घडवायला सुरुवात केली. शस्त्रांना धार लावणाऱ्या हातांनी तंबोरा घडवला! मार्टिन आणि तोरेसच्या पंक्तीत फरीदसाहेबांना बसवावे, असे हे पुस्तक आग्रहाने सांगते आणि त्यात अतिशयोक्ती नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि त्यांच्यासारख्या स्वराला चोखंदळ गायकाच्या सहवासात त्या कारागिरीचा कस लागला. पंढरपूर भागातला भोपळा, तुणीचे लाकूड, वर तबली, घोडी, खुंट्या आणि जवारी हा तिथला संच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

जवारीपाशी क्षणभर थांबायला हवे, कारण गिटार आणि तंबोरा यांच्यातला खरा फरक त्या दोन बोटे रुंदीच्या जागेवर आहे. गिटारच्या घोडीवर तार एका अरुंद कडेवर टेकते आणि तिथून स्वच्छ सुटते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उतरता घासलेला असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा हलकेच स्पर्शते. तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा साधली की आवाज खुलतो आणि त्यातून वरचे स्वर झळकू लागतात. कारागीर कानसीने एक हात मारतो, तार लावतो, ऐकतो, तार सैल करतो, पुन्हा घासतो. उतार किंचित चुकला तर नुसती झणझण, नाहीतर आवाज बंद. गिटारवर हीच झणझण दोष मानली जाते आणि ती काढायला लोक पैसे मोजतात. घडणीचा अभ्यास म्हणजे हा फरक ओळखणे : कोणत्या परंपरेने कोणत्या आवाजाला दोष म्हटले आणि कोणत्या आवाजासाठी आयुष्य वेचले.

गिटारमध्ये महाराष्ट्राच्या डोंगरांशी नाते सांगणारी आणखी एक गोष्ट आहे, तिचे लाकूड. चांगल्या गिटारच्या पाठीला आणि बाजूंना पूर्वी ब्राझीलचे रोझवूड वापरत. ब्राझीलने ओंडके बाहेर जाऊ देणे बंद केल्यावर मार्टिन कंपनी १९६९ मध्ये भारतीय रोझवूडकडे वळली. तेच आपले शिसव. वाड्यांतले पलंग, देव्हारे, झोपाळे ज्या लाकडाचे, तेच पश्चिम घाटातले झाड आज जगभरच्या गिटारच्या पाठीवर दिसते. १९९२ मध्ये ब्राझीलच्या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास थांबला. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या सगळ्या कुळावर निर्बंध आले, आणि तयार वाद्यांना त्यातून सूट मिळायला २०१९ उजाडले. तोरेसने पुठ्ठ्याची पाठ लावून जे दाखवले ते आज जंगलाच्या बाजूने बोलते आहे. पाठीला कोणते लाकूड हवे याचा हट्ट सोडला तर मॅपल, बांबू, कार्बन फायबर असे कितीतरी पर्याय खुले होतात, आणि अनेक कारागीर ते वापरूही लागले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग स्मॉलमनने कार्बन फायबरची जोड दिलेली जाळीदार आधाररचना करून फळी अधिकच पातळ केली. शास्त्रीय गिटारच्या आवाजात तोरेसनंतर झालेला हा सर्वांत ठळक बदल म्हणता येईल.

नांदगावसारख्या गावात बसून गिटारच्या घडणीवर पुस्तक का लिहावे, असे कोणी विचारेल. उत्तर हवेत आहे. हा तालुका पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात हवा कोरडी ठाक होते. गिटार बांधणारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता गृहीत धरून लाकूड जोडतात. कोरड्या हवेत लाकूड आडव्या अंगाने आकसते, उभ्या अंगाने जवळजवळ नाही. धातूचे फ्रेट आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोके मानेच्या कडेने बाहेर येऊन बोटाला लागतात. फळी खाली बसते, तारा फ्रेटला घासून कुरकुर करतात, आणि अंगची लाकडे भरीव असतील तर फळीला चीरही पडते. तीच गिटार जुलैत रत्नागिरीला नेली तर फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात आणि नवख्याची बोटे सोलून निघतात. पोरगे म्हणते, वाद्य खराब निघाले. वाद्य खराब नसते. त्याला ही हवा कोणी सांगितलेली नसते. ऑनलाइन मागवलेल्या गिटारबरोबर हे ज्ञान येत नाही, आणि फ्रेट घासून देणारा, घोडी उतरवून देणारा माणूस प्रत्येक तालुक्यात भेटत नाही.

म्हणून हे पुस्तक इतिहास सांगताना हातात वाद्य धरूनच सांगते. प्रत्येक काळातली गिटार ही एका अडचणीचे उत्तर म्हणून पाहायची, ते उत्तर देणाऱ्या कारागिराचा मूळ धंदा कोणता होता ते विचारायचे, आणि त्या निर्णयाचा परिणाम आजच्या स्वस्त गिटारमध्येही कुठे दिसतो ते दाखवायचे, अशी त्याची रीत. वादकांची चरित्रे इथे नाहीत. ती अन्यत्र भरपूर आहेत. शब्दांच्या बाबतीत जिथे मिरजेच्या कारखान्यातला शब्द चपखल बसतो तिथे तो घेतला आहे, आणि फ्रेट, पिकअप, ब्रिज हे तोंडी रुळलेले शब्द तसेच ठेवले आहेत. मापे दिली आहेत ती सुताराला पट्टी लावून पडताळता येतील अशी. ज्याला संगीताचे शास्त्र येत नाही पण रंधा हाताळता येतो, त्यालाही हे पुस्तक उघडून बसता यावे.

एक उणीव राहते, ती वाचकांच्या मदतीने भरून काढण्यासारखी आहे. मार्टिन कंपनीच्या एकोणिसाव्या शतकातल्या हिशेबाच्या वह्या आणि पत्रे जपलेली आहेत, तोरेसच्या वाद्यांची एकेक करून नोंद झाली आहे, म्हणून त्यांचा इतिहास लिहिता आला. आपल्याकडे मुंबई-कोलकात्याच्या लहान कारखान्यांत, रेल्वे वसाहतींत, गोव्याच्या घरांत बांधल्या आणि दुरुस्त झालेल्या गिटारची अशी नोंद फारच थोडी आहे. मिरजेची विद्या बहुतांशी बापाकडून मुलाकडे तोंडी चालत आली. ज्यांच्या माळ्यावर जुनी, इथेच घडलेली गिटार असेल त्यांनी ती भंगारात देऊ नये. भोकातून आतले लेबल वाचावे, आधाराच्या काड्यांचा फोटो काढावा, तारेची लांबी मोजावी, कोणी कधी दुरुस्त केली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवावे, आणि वाद्य घडवणारा किंवा दुरुस्त करणारा कोणी हयात असेल तर त्याच्यापाशी जाऊन बसावे.

नांदगाव (जि. नाशिक)